पोटाची नाव आणि हौसेची नाव

चार मराठी माणसं एकत्र आली की त्यांचं मंडळ होतं आणि पाचवा आला की त्या मंडळात फूट पडते, असं आपण आपल्याबद्दल मोठ्या कौतुकानं सांगत असतो. जणू घटना, अध्यक्ष, चिटणीस आणि वार्षिक सर्वसाधारण सभा ह्या गोष्टी सदाशिव पेठेत उगवल्या आणि तिथून साऱ्या जगाला निर्यात झाल्या! हा मान आपल्याकडेच राहावा असं मलाही वाटतं. पण इतिहास आडवा येतो.

३ ऑगस्ट १८८० रोजी अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या लेक जॉर्ज नावाच्या सरोवराच्या काठी दोन-तीन डझन गृहस्थ आपापल्या चिमुकल्या नावा घेऊन जमले. सरोवर बत्तीस मैल लांब. पाणी नितळ, भोवती डोंगर, मधे दीडशेहून जास्त बेटं. अशा जागी माणसानं काय करावं? नाव पाण्यात ढकलावी, वल्हं हातात घ्यावं आणि तोंड मिटून घ्यावं. ह्या गृहस्थांनी काय केलं असेल? सभा भरवली! त्या सभेत ‘अमेरिकन कनू असोसिएशन’ ही संस्था जन्माला आली. पदाधिकारी निवडले गेले. अध्यक्षाला ‘कमोडोर’ म्हणायचं ठरलं. आता कमोडोर हा आरमारातला हुद्दा. त्याच्या हाताखाली लढाऊ जहाजांचा ताफा असायचा. इथल्या ताफ्यातलं जहाज दोघांनी खांद्यावर टाकून झाडाखाली नेऊन ठेवावं इतपत. पण हुद्दा म्हणजे हुद्दा. आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीचा वॉल फिरवणाऱ्या गृहस्थांना ‘जलसमिती प्रमुख’ म्हणतात, त्यातलाच हा प्रकार.

ह्या पहिल्या कमोडोरचं नाव विल्यम लिव्हिंग्स्टन ऑल्डन. हा मनुष्य ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये विनोदी अग्रलेख लिहीत असे. म्हणजे आमच्याच जातकुळीतला. विनोदी लेखकाला कुणी कशाचा तरी प्रमुख केल्याचं इतिहासातलं हे दुर्मीळ उदाहरण असल्यामुळे मी ते मुद्दाम नोंदवून ठेवतो. ह्याच ऑल्डननं १८७१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एक कनू क्लब काढायला हातभार लावला होता. सभेमागचे दुसरे खटपटे गृहस्थ नॅथॅनिएल बिशप. हे १८७४-७५ मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यानं थेट फ्लोरिडापर्यंत गेले ते कागदाच्या नावेतून! थापा मारत नाही. कागदाचे थर साच्यावर चिकटवून, त्यांना वॉर्निश पाजून केलेली चौदा फुटांची नाव. वजन अठ्ठावन्न पौंड. श्रावणात गटाराच्या पाण्यात आपण जे करत होतो तेच ह्या गृहस्थांनी मोठेपणी केलं, आणि वर त्यावर पुस्तकही लिहिलं.

‘कनू’ म्हटलं की आपल्याला एखाद्या कापडदुकानातल्या शेठजींना हाक मारल्यासारखं वाटतं, म्हणून थोडा खुलासा करतो. कनू म्हणजे उघडी होडी. एका पात्याच्या वल्ह्यानं हाकायची. कयाक म्हणजे वरून झाकलेली, मधे कमरेपुरतं भोक असलेली आणि दोन्ही टोकांना पाती असलेल्या वल्ह्यानं चालवायची. पण त्या काळचे इंग्रज दोघींनाही कनूच म्हणत. त्यामुळे आज ज्याला आपली पोरं ‘कयाकिंग’ म्हणतात त्याचा वंशवृक्ष शोधायला गेलं तर तो कनूंच्याच दप्तरात सापडतो.

ह्या वंशवृक्षाचा मूळ पुरुष लंडनचा एक बॅरिस्टर, जॉन मॅकग्रेगर. ह्याचा आणि आपल्या देशाचा एक धागा आहे. १८२५ साली ‘केंट’ नावाचं ईस्ट इंडिया कंपनीचं जहाज एक पलटण घेऊन बंगालला निघालं होतं. बिस्केच्या उपसागरात १ मार्चला त्याला भर वादळात आग लागली. वर ज्वाळा, खाली खवळलेला समुद्र. त्या जहाजावर एका मेजरचं पाच आठवड्यांचं बाळ होतं. एका लहानशा जहाजानं पाचशेहून अधिक माणसांना वाचवलं, त्यात हेही वाचलं. असं बाळ मोठेपणी पाण्याचं नाव काढणार नाही, असं तुम्हाआम्हाला वाटेल. आपल्याकडे लहानपणी विहिरीत पडलेला माणूस पुढे साठ वर्षं बादलीतसुद्धा जपून बघतो. पण हे बाळ चाळिसाव्या वर्षी, १८६५ मध्ये, पंधरा फुटांची ‘रॉब रॉय’ नावाची नाव बांधून घेऊन एकटंच युरोपातल्या नद्यांवर आणि सरोवरांवर हजार मैल हिंडून आलं. नाव ओक लाकडाची, पण घाट कयाकचा. तीन महिन्यांच्या प्रवासाला सामान किती? फूटभर लांब, फूटभर रुंद आणि सहा इंच उंच अशी एक काळी पिशवी. एवढ्या जागेत आमच्या घरातून लोणावळ्याचा डबासुद्धा जात नाही.

मॅकग्रेगरनं परत येऊन पुस्तक लिहिलं, ते तुफान खपलं, आणि १८६६ मध्ये रिचमंडच्या एका हॉटेलात इंग्लंडचा कनू क्लब स्थापन झाला. पुढच्याच वर्षी खुद्द प्रिन्स ऑफ वेल्स त्याचे कमोडोर झाले आणि १८७३ मध्ये क्लबामागे ‘रॉयल’ ही उपाधी लागली. एकट्यानं, एका पिशवीनिशी हिंडण्याच्या आनंदाला आठ वर्षांत राजाश्रय मिळाला. आनंदाचं पुढे काय होतं ते मग ओघानं येतंच.

पण हा घाट मॅकग्रेगरनं आणला कुठून? इथे मात्र हसणं जरा आवरावं लागतं. कयाक ही ग्रीनलंडपासून अलास्कापर्यंतच्या बर्फाळ किनाऱ्यावर राहणाऱ्या लोकांची नाव. ग्रीनलंडात आणि उत्तर कॅनडात ते स्वतःला इनुइट म्हणवतात. तिकडे बांधकामाचं लाकूड उगवत नाही; समुद्रातून वाहत येईल ते ओंडकं गोळा करायचं, त्याचा आणि हाडांचा सांगाडा करायचा आणि त्यावर सीलचं कातडं ताणून बसवायचं. सांगाडा पुरुष करत. कातडं शिवायचं काम बायकांचं. टाका असा की पाण्याचा थेंब आत येता कामा नये. आला तर नवरा परत येत नसे. आमच्याकडे शर्टाचं बटण तुटलं तर फार तर ऑफिसात हसं होतं. तिकडे बायकोच्या टाक्यावर घरातलं सकाळ-संध्याकाळचं जेवण आणि खुद्द जेवणारा, दोन्ही अवलंबून असत.

आणि नाव ज्याची त्याच्या मापाची. त्याच्या हाताच्या पसऱ्यानं, मुठीनं, बोटांनी मोजून केलेली. शेजाऱ्याची नाव मागून न्यावी तर ती शेजाऱ्याच्या चपलेसारखी चावायची. नाव उलटली तर गारठलेल्या पाण्यात काही मिनिटांत माणूस संपे. म्हणून बसल्या जागेवरून, वल्ह्याच्या एका झटक्यानं नावेसकट पुन्हा सरळ होण्याची विद्या त्यांनी शोधून काढली होती. पोरांना ती लहानपणीच शिकवत. आपल्या मुलांना आपण परवचा शिकवतो तशी. फरक एवढाच, की पावकीत चुकलं तर छडी बसे, इथे चुकलं तर पोरगा जाई.

म्हणजे जी वस्तू एका ठिकाणी पोटाची होती, ती दुसऱ्या ठिकाणी हौसेची झाली. ह्यात अपराध कुणाचा नाही. गिर्यारोहण, शिकार, घोडेस्वारी, मासेमारी, साऱ्यांची कथा हीच. कुणीतरी पोटासाठी जिवावर उदार होऊन करतो. शंभर वर्षांनी कुणीतरी तेच रविवारी करतो आणि त्याची वर्गणी भरतो. फक्त ज्याच्याकडून आपण घेतलं त्याची आठवण वर्गणीच्या पावतीवर छापलेली नसते.

लेक जॉर्जच्या मंडळींचं पुढे काय झालं ते सांगतो. १८८१ आणि १८८२ ह्या दोन्ही वर्षी त्यांनी तिथल्याच तीन लहान बेटांवर मुक्काम ठोकला. ती बेटं काही सभासदांनी ह्याच कामासाठी घेतली होती. दिवसा वल्ही मारायची, संध्याकाळी शेकोटी पेटवायची, रात्री तंबूत किंवा थेट नावेत झोपायचं. वकील, न्यायाधीश, व्यापारी, पत्रकार अशी ही मंडळी. एरवी कॉलरचं बटण न उघडणारे हे लोक जंगलात भांडी घासत होते, हे ऐकून त्यांच्या सौभाग्यवतींना काय वाटलं असेल? ‘घरी कधी कपबशी विसळली नाही, आणि तिकडे...’ हे वाक्य इंग्रजीतही असलंच पाहिजे. स्वतः त्या बायकांचा पाहुण्या म्हणून वेगळा तळ पुढे पडू लागला. पण पुरते सभासद व्हायला त्यांना १९४४ साल उजाडावं लागलं. ज्या नावेचा जीव मुळात बायकांच्या टाक्यात होता, तिच्या क्लबात बायकांना यायला चौसष्ट वर्षं लागली.

तोपर्यंत करंडकही आला. १८८६ मध्ये सेंट लॉरेन्स नदीतल्या एका बेटावर भरलेल्या शिबिराला इंग्लंडहून दोन मातब्बर खेळाडू आले. त्यातले एक वॉरिंग्टन बेडन-पॉवेल, बालवीर चळवळ काढणाऱ्या बेडन-पॉवेल साहेबांचे थोरले बंधू. त्यांच्या शिडाच्या कनू जड, भरभक्कम, अमेरिकनांच्या हलक्या. हलक्या जिंकल्या. ह्यातून खरं म्हणजे सगळ्यांनी शहाणं होऊन निवांत सरोवरावर जायचं. पण एकदा करंडक म्हटला की माणूस सरोवराकडे बघत नाही, शेजारच्या नावेकडे बघतो. शिडं वाढत गेली. तोल सांभाळायला नावेच्या कडेबाहेर सरकणारी फळी आली आणि माणूस तिच्यावर, म्हणजे नावेच्या बाहेरच, जाऊन बसू लागला. जिच्यात रात्री झोपता येत होतं त्या नावेत आता दिवसा बसायचीही सोय उरली नाही! गणपतीच्या मंडपात गणपतीपेक्षा स्पीकर मोठे होतात, तेव्हा मला ह्या नावा आठवतात.

आता एका वेगळ्या माणसाची गोष्ट. ह्याच १८८० च्या उन्हाळ्यात लेक जॉर्जच्या वायव्येला, ॲडिरॉन्डॅक डोंगरांतल्या तळ्यांवर एक म्हातारा एकटाच वल्ही मारत होता. जॉर्ज वॉशिंग्टन सीअर्स हे त्याचं नाव, पण लिहायचा ‘नेसमक’ ह्या टोपणनावानं. लहानपणी ज्या मूळ अमेरिकन माणसानं त्याला जंगल शिकवलं, त्याचं ते नाव. कुणाकडून घेतलं ते आयुष्यभर आपल्या नावाच्या जागी मिरवणारा हा एक सापडला. धंदा चांभारकीचा. उंची सव्वापाच फूट, वजन पन्नास किलोच्या आसपास आणि छातीत क्षय. तळ्यांच्या मधल्या वाटांवरून नाव खांद्यावर घेऊन जावं लागे. बडे लोक त्यासाठी वाटाडे ठेवत. वाटाड्याची मजुरी ह्याला झेपण्यासारखी नव्हती आणि नाव त्याच्या खांद्याला.

म्हणून तो जे. हेन्री रश्टन नावाच्या कारागिराकडे गेला आणि हलकी नाव मागितली. रश्टनसुद्धा प्रकृतीनं अशक्तच. स्वतःच्या प्रकृतीसाठी म्हणून त्यानं पहिली नाव बांधली होती. दोन आजारी माणसांचं जमलं. पहिली नाव अठरा पौंडांच्या आतली. दुसरी सोळाची. १८८३ मध्ये तिसरी आली ती साडेदहा पौंडांची, म्हणजे पावणेपाच किलोची. आमच्या घरातलं वरवंट्यासकट पाट्याचं धूड ह्याच्या कितीतरी पट भरेल! रश्टननं त्याला लिहून पाठवलं, की आता ह्याहून लहान मागू नका. कंटाळलात तर हिचा सूप प्यायला वाडगा करा. नेसमकनं तिला डिकन्सच्या एका दारूबाज सुईणीचं नाव दिलं, ‘सेअरी गॅम्प’. कारण ती बाई पाण्याला शिवत नसे आणि नावेनंही पाणी आत घेऊ नये अशी त्याची इच्छा होती. ह्या वाडग्यात बसून एकसष्टाव्या वर्षी त्यानं दोनशे सहासष्ट मैलांचा प्रवास केला. आज ती नाव अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयाच्या मालकीची आहे. त्या काळचे किती कमोडोर कुणाला आठवतात?

त्याला ना करंडक हवा होता, ना हुद्दा. छातीत हवा हवी होती. हौस हा शब्द आपण जरा चैनीच्या अर्थानं वापरतो. पण काही माणसांच्या बाबतीत हौस आणि श्वास ह्यांच्यात फरक करता येत नाही. वर्षभर दुसऱ्यांच्या तळव्यांची मापं घेणारा माणूस चार आठवडे स्वतःच्या मापाच्या नावेत बसत होता. ह्याला चैन म्हणायचं असेल तर म्हणावं.

पुढे ही हौस सामान्य माणसाच्या घरात शिरली ती एका शिंप्यामुळे. १९०५ साली म्युनिकच्या एका विद्यार्थ्यानं घडी करून पिशवीत भरता येईल अशी नाव केली. १९०७ मध्ये रोझेनहाइमच्या योहान क्लेपर नावाच्या शिंप्यानं तिचे हक्क घेतले. लाकडाचा सांगाडा, वर कापड. कातड्याऐवजी कापड आलं इतकंच. टाका पुन्हा सुईदोऱ्याचाच. ज्याला नाव ठेवायला जागा नाही असा चाळीतला जर्मन माणूसही आता रविवारी नावेची पिशवी घेऊन आगगाडीत बसू लागला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये ह्या घडीच्या नावांच्या शर्यतीदेखील झाल्या. आणि १९२७ मध्ये ऑस्ट्रियातल्या एका सरोवरावर हान्स पावलाटा नावाच्या गृहस्थानं, ग्रीनलंडच्या प्रवासवर्णनांत वाचून वाचून, उलटलेली कयाक बसल्या जागी सरळ करून दाखवली. पोहायला पुस्तकातून शिकता येत नाही म्हणणाऱ्यांना हे उत्तर. एकीकडे ती विद्या जीव वाचवायला होती, इकडे टाळ्या घ्यायला. तरी टाळ्या वाजवणाऱ्यांनी तिच्यामुळे विद्येच्या मूळ मालकांची चौकशी केली, हेही खरं.

आमच्या वरच्या मजल्यावरचे चिरंजीव अशाच एका क्लबाचे सभासद आहेत. त्यांचा शनिवार-रविवारचा तळ मावळातल्या एका धरणाच्या जलाशयावर पडणार होता आणि ‘कुणीतरी वडीलधारं असावं’ ह्या कलमाखाली माझी वर्णी लागली. सौ.नं बेसनाचे लाडू, चकल्या, स्वेटर, कानटोपी, ओडोमॉस, दोन बॅटऱ्या आणि एक घोंगडी बांधून दिली. मी तिला मॅकग्रेगरच्या पिशवीचं माप सांगितलं. ती म्हणाली, “त्याच्या घरी कुणी विचारणारं नसेल.” ह्यावर इतिहासाकडे उत्तर नाही.

सकाळी काठावर रंगीबेरंगी प्लॅस्टिकच्या कयाक ओळीनं पालथ्या घातलेल्या होत्या. त्या सांभाळणारा मुलगा तिथल्याच गावचा, विशीतला. मी आत बसून अवघडलेला पाहून तो म्हणाला, “काका, नुसतं बसू नका. पँट घातल्यावानी अंगात घाला ती.” ग्रीनलंडच्या शिकाऱ्यावर जे पुस्तकंच्या पुस्तकं लिहिली गेली, ते ह्या पोरानं एका वाक्यात सांगितलं. गुडघे आतून टेकवले, पाठ सरळ केली आणि खरोखरच ती अंगात आली. वल्हं डावीकडे, वल्हं उजवीकडे. काठावरची बडबड मागे पडली. धुकं पाण्यावरून उठत होतं. तो शेजारून दुसरी नाव घेऊन येत होता. अर्धा पल्ला गेल्यावर त्यानं वल्ह्यानं खाली दाखवलं. म्हणाला, “हितं आमच्या आजाचं भाताचं खाचर व्हतं.”

काय बोलावं ते सुचेना. मी पाण्यात पाहिलं; पाण्यात आभाळ होतं. मग मीच विचारलं, “आजोबा काही म्हणत होते का रे?” तो म्हणाला, “उन्हाळ्यात पाणी उतरलं की बांध दिसतो. तवा यायचे नि बघून जायचे.”

रात्री शेकोटीभोवती क्लबाची सभा भरली. पुढच्या वर्षी वर्गणी किती, टी-शर्टाचा रंग कोणता आणि शर्यती ठेवायच्या की नाहीत. शर्यती ठेवण्याबद्दल बहुमत दिसत होतं. तो मुलगा सभेत नव्हता. काठावर अंधारात बॅटरी घेऊन तो एकेक कयाक पाण्यापासून वर ओढत होता, पालथी घालत होता, दोरी दोनदा ओढून गाठ तपासत होता. मी माझी दुसरी बॅटरी घेऊन गेलो. त्यानं शेवटपर्यंत मोजलं, पुन्हा उलट मोजलं.

“झोप की आता,” मी म्हणालो. “एवढं काय मोजतोस?”

“मोजायलाच लागतं काका,” तो म्हणाला. “एक जरी रातीत वाहून गेली, तर आमच्या घरी दोन महिने चूल कशी पेटायची?”